विश्लेषण : एक इंजिन घडवण्यासाठी दुसरे इंजिन मोडावे का?

ब्रिटनमध्ये नामशेष झालेली वाफेची इंजिने पुन्हा रुळांवर येत आहेत. त्यांतील काहींचा बॉयलर, चाके किंवा सांगाडा मात्र दुसऱ्या जुन्या इंजिनांतून काढलेला आहे. गंजून पडलेले इंजिन हा वारसा की सुट्या भागांचा साठा, हा वाद समजून घ्या.

एप्रिल २०१९. इंग्लंडमधील डिडकॉट रेल्वे सेंटर. हिरव्या रंगाचे, पितळी पट्ट्यांनी चमकणारे एक इंजिन वाफ सोडत लोकांसमोर आले. क्रमांक २९९९, नाव ‘लेडी ऑफ लीजेंड’. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ‘सेंट’ वर्गातील शेवटचे इंजिन १९५३ मध्ये सेवेतून बाद झाले आणि या वर्गाचे एकही इंजिन जतन झाले नाही. जवळपास ६६ वर्षांनी ‘सेंट’ पुन्हा धावले. रेल्वेप्रेमींसाठी तो सणच होता.

या सणाला दुसरी बाजूही होती. त्याच दिवशी ‘मेंडी हॉल’ नावाचे, ४९४२ क्रमांकाचे इंजिन कायमचे संपले होते. ते १९२९ मध्ये स्विंडनच्या कारखान्यात तयार झाले. पुढे भंगारात गेले आणि १९७४ मध्ये वाचवलेही गेले. ‘लेडी ऑफ लीजेंड’ घडवण्यासाठी वापरलेला मूळ ऐवज त्याचाच. म्हणजे एक इंजिन परत आले, ते दुसऱ्याला संपवून.

हे योग्य झाले का? ब्रिटनच्या रेल्वेवारसा जगतात या प्रश्नावर आजही एकमत नाही.

ही गंजलेली इंजिने आली कुठून?

सगळ्याची सुरुवात वेल्सच्या किनाऱ्यावरील बॅरी या बंदराच्या गावातून होते. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने बंद केली. त्याआधीची काही वर्षे हजारो इंजिने भंगारात निघत होती. बहुतेक ठिकाणी ती आली आणि गॅसकटरने कापली गेली. बॅरीत तसे झाले नाही.

तिथे ‘वुडम ब्रदर्स’ यांचे भंगाराचे आवार होते. मालक डाय वुडम यांनी एकूण २९७ वाफेची इंजिने विकत घेतली. त्याच वेळी त्यांच्याकडे मालडबेही मोठ्या संख्येने येत होते. डबे कापणे सोपे आणि झटपट पैसे देणारे होते. म्हणून इंजिने ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला राहिली. हे ‘नंतर’ वीस वर्षांहून अधिक लांबले. तेवढ्या काळात रेल्वेप्रेमींनी वर्गणी गोळा करून एकेक इंजिन विकत घेतले. पहिले इंजिन १९६८ मध्ये बाहेर पडले आणि शेवटचे १९९० मध्ये. २९७ पैकी तब्बल २१३ इंजिने वाचली.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोणते इंजिन वाचावे, हे इतिहासकारांनी ठरवले नव्हते. ते एका भंगारवाल्याच्या खरेदीने ठरले. बॅरीत पश्चिम आणि दक्षिण विभागांची इंजिने जास्त आली, म्हणून ‘हॉल’ वर्गाची इंजिने भरपूर वाचली. ‘सेंट’, ‘ग्रेंज’, ‘काउंटी’ यांसारखे वर्ग मात्र पूर्ण नष्ट झाले. काही प्रकार मुबलक आणि काही शून्य, हा असमतोलच आजच्या वादाचे मूळ आहे.

‘बॅरी टेन’ म्हणजे काय?

आवार रिकामे होत आले तेव्हा दहा इंजिने उरली होती. वेल्समध्ये नियोजित संग्रहालयासाठी ती राखून ठेवण्यात आली. त्यांना रेल्वेप्रेमी ‘बॅरी टेन’ म्हणतात. संग्रहालयाची ती योजना बारगळली आणि इंजिने स्थानिक परिषदेच्या ताब्यात गंजत राहिली. पुढे दहांपैकी पाच इंजिने नवबांधणी प्रकल्पांसाठी ‘दाता’ ठरली.

त्यांचे काय झाले, हे थोडक्यात असे :

७९२७ ‘विलिंग्टन हॉल’ : याचा बॉयलर ६८८० ‘बेटन ग्रेंज’ या नव्या इंजिनाला मिळाला. सांगाडा १०१४ ‘काउंटी ऑफ ग्लॅमॉर्गन’ या प्रकल्पाकडे गेला.

४८५१८ : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मालगाडीचे इंजिन. याचा बॉयलर ‘काउंटी ऑफ ग्लॅमॉर्गन’साठी घेण्यात आला.

२८६१, ४११५ आणि ५२२७ : या तिघांचे भाग ४७०९ या इंजिनासाठी निवडले गेले. ४७०० वर्गाची मूळ इंजिने फक्त नऊ होती. रात्रीच्या जलद मालगाड्या ओढत असल्याने त्यांना ‘नाइट आउल’ म्हणजे रातघुबड हे टोपणनाव पडले. त्यांपैकी एकही वाचले नव्हते.

दहांतील उरलेली पाच मात्र कोणत्याही नव्या इंजिनाची दाता ठरली नाहीत.

एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसतो कसा?

याचे उत्तर अभियांत्रिकीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे मुख्य अभियंता जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांनी प्रमाणीकरणावर भर दिला. बॉयलर, सिलिंडर, चाके यांचे ठरावीक प्रकार निश्चित केले आणि त्यांची वेगवेगळी जुळणी करून वेगवेगळी इंजिने तयार केली. त्यामुळे ‘सेंट’, ‘हॉल’ आणि ‘ग्रेंज’ या तिन्ही वर्गांना एकाच मापाचा बॉयलर चालतो. मुख्य फरक चाकांत दिसतो. वेगवान प्रवासी गाडीच्या ‘सेंट’ला ६ फूट ८.५ इंच व्यासाची चाके, मिश्र कामाच्या ‘हॉल’ला ६ फूट आणि ‘ग्रेंज’ला ५ फूट ८ इंच.

मुळात ‘हॉल’ वर्गाचा जन्मच ‘सेंट’मधून झाला. १९२४ मध्ये ‘सेंट मार्टिन’ या इंजिनाची मोठी चाके काढून लहान चाके बसवली गेली आणि ‘हॉल’चा पहिला नमुना तयार झाला. डिडकॉटमध्ये हीच प्रक्रिया उलटी फिरवली गेली. ‘हॉल’ घेऊन त्याला नव्याने ओतलेली मोठी चाके दिली, सांगाड्यात बदल केले आणि ‘सेंट’ परत आणले.

‘काउंटी’चेही तसेच. युद्धकाळात स्विंडनच्या कारखान्याला दुसऱ्या कंपनीच्या रचनेची ‘८एफ’ मालगाडी इंजिने बांधावी लागली. युद्ध संपता संपता ‘काउंटी’ वर्ग आला, तेव्हा त्याच्या बॉयलरसाठी ‘८एफ’ची हाताशी असलेली साधने वापरली गेली. म्हणून आज ‘काउंटी’ला ‘८एफ’चा बॉयलर उपयोगी पडतो.

जुने मोडायचेच कशाला? सगळे नवे का नाही?

सगळे नवे करता येते. ६०१६३ ‘टॉर्नेडो’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या या इंजिनासाठी कोणतेही जुने इंजिन मोडले नाही. बॉयलर जर्मनीतील मायनिंगेन येथील कारखान्यातून नवा करून घेतला. एकूण खर्च सुमारे ३० लाख पौंड आला आणि १९९० मध्ये सुरू झालेल्या कामाला अठरा वर्षे लागली.

हे पैसे सरकारने दिलेले नाहीत. दरमहा थोडी रक्कम देणाऱ्या सामान्य देणगीदारांचा त्यात मोठा वाटा होता. प्रत्येक प्रकल्पाला असे हजारो देणगीदार मिळत नाहीत. वाफेच्या इंजिनात सर्वांत खर्चीक भाग म्हणजे बॉयलर, सिलिंडर आणि चाकांची ओतीव कामे. यांतील एक जरी भाग जुन्यातून मिळाला, तरी लहान गटाची अनेक वर्षे वाचतात. दाता इंजिनाचा मोह इथे निर्माण होतो.

मोडण्याच्या बाजूने काय सांगितले जाते?

पहिला मुद्दा संख्येचा. ‘हॉल’ वर्गाची दहाच्या आसपास इंजिने बॅरीतून वाचली. त्यातले एक कमी झाले तरी वर्ग जिवंत राहतो. त्याच्या बदल्यात जो वर्ग जगात कुठेच नाही, तो परत मिळतो.

दुसरा मुद्दा वास्तवाचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभी राहिलेली ही इंजिने पोखरली गेली आहेत. पितळ-तांब्याचे सुटे भाग केव्हाच गेले. ज्या इंजिनासाठी पन्नास वर्षांत पैसे उभे राहिले नाहीत, त्यासाठी ते पुढे उभे राहतील याची खात्री कोण देणार? दाता झाल्यास निदान त्याचा बॉयलर पुन्हा तापेल, हा या बाजूचा युक्तिवाद. मराठीत सांगायचे तर हे अवयवदान आहे.

तिसरा मुद्दा परंपरेचा. रेल्वे कंपन्या स्वतः हेच करत होत्या. ‘ग्रेंज’ वर्गाची ८० इंजिने १९३६ ते १९३९ दरम्यान बांधली गेली, ती ४३०० वर्गाच्या जुन्या इंजिनांची चाके आणि इतर भाग वापरून. कारखान्यात जुने मोडून नवे करणे हा रोजचा व्यवहार होता. मग आजच त्याचे पाप का व्हावे?

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय?

अवयवदानाच्या उपमेवरच त्यांचा पहिला आक्षेप आहे. अवयवदान मृत्यूनंतर होते. गंजलेले इंजिन मृत असते का? बॅरीतून निघालेली कितीतरी इंजिने अशाच अवस्थेत होती. त्यांना ‘आता काही होणे नाही’ म्हणणारेही तेव्हा होते. तरी ती आज प्रवासी ओढत आहेत. ‘दुरुस्त न झालेले’ आणि ‘दुरुस्त न होणारे’ यांत फरक आहे, आणि मोडणाऱ्याला घाई असली की तो फरक पुसला जातो.

दुसरा आक्षेप ‘अजून बरीच आहेत’ या हिशोबावर. ‘हॉल’बाबत तो पटू शकतो. पण ५२२७ ज्या ५२०५ वर्गाचे होते, त्याची फक्त तीन इंजिने वाचली होती. त्याच्यासारख्याच थोड्या जुन्या ४२०० वर्गाची आणखी पाच आहेत, हे खरे. तरी तीनपैकी एक आणि दहापैकी एक यांचे वजन सारखे नाही. विलिंग्टन हॉलच्या सुधारित ‘हॉल’ वर्गाची सात वाचली होती, आता सहा राहिली. असा प्रत्येक प्रकल्प आपापल्या परीने ‘एकच तर’ घेतो. सगळ्यांची बेरीज कोणी करत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी ऐकला जाणारा आहे. दुरुस्त न झालेले इंजिन हे दस्तऐवज असते. चालवण्यासाठी इंजिन दुरुस्त करताना जुने रिबिट निघतात, पत्रे बदलतात, रंग खरवडला जातो. सेवेतील शेवटच्या दिवशी इंजिन नेमके कसे होते, कोणत्या कारखान्यात कुठे ठिगळ लावले होते, कोणत्या भागावर कोणता क्रमांक ठोकला होता, हे न छेडलेल्या इंजिनावरच वाचता येते. चकचकीत इंजिन पाहायला छान असते, पण पुराव्याच्या दृष्टीने गंजलेले इंजिन त्याहून श्रीमंत असू शकते.

चौथा मुद्दा विश्वासाचा. १९७० च्या दशकात लोकांनी वर्गणी दिली ती ठरावीक इंजिन वाचवण्यासाठी. त्या वर्गणीत शाळकरी मुलांचा खाऊचा पैसाही असायचा आणि कामगारांची बचतही. ‘हे इंजिन वाचवा’ म्हणून दिलेला पैसा ‘हे इंजिन मोडून दुसरे करू’ या कामी लागला, तर देणगीदाराला विचारले गेले होते का?

इंजिनाची ओळख नेमकी कशात असते?

आपल्याकडे गाडीचे इंजिन बदलले, रंग बदलला, तरी आरटीओसाठी गाडी ठरते ती चासी क्रमांकावरून. वाफेच्या इंजिनांबाबतही ढोबळ संकेत तोच आहे : सांगाडा ज्याचा, ओळख त्याची. बॉयलर तर सेवेच्या काळातही सर्रास बदलले जात. मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात आलेले इंजिन बाहेर पडताना दुसराच बॉयलर घेऊन निघे.

पण हा संकेतही पक्का नाही. ४९८३ ‘अल्बर्ट हॉल’ म्हणून वाचवलेल्या इंजिनाची दुरुस्ती सुरू असताना लक्षात आले की ते प्रत्यक्षात ४९६५ ‘रूड ॲश्टन हॉल’ आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विंडनच्या कारखान्यातच दोघांची ओळख अदलाबदल झाली होती. आज ते इंजिन आपल्या खऱ्या नावाने ओळखले जाते. हे कळले कशामुळे? भागांवर ठोकलेल्या क्रमांकांमुळे. ते भाग आधीच कुणी काढून इतरत्र बसवले असते, तर हा इतिहास कधीच उलगडला नसता.

‘मेंडी हॉल’चा प्रश्न या संकेतानेही सुटत नाही. सांगाड्यावरून ओळख ठरवायची, तर ‘लेडी ऑफ लीजेंड’ हे बदललेले ‘मेंडी हॉल’च ठरते. प्रत्यक्षात ते ‘सेंट’ म्हणून धावते. ‘हॉल’ संपले की रूप बदलून जगले, यावर दोन्ही बाजूंचे लोक वर्षानुवर्षे भांडत आहेत.

कायदा काय म्हणतो?

फारसे काही नाही. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक इमारत सूचिबद्ध असेल तर परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. खासगी मालकीच्या इंजिनाला असे कवच नाही. मालकाने ठरवले की मोडता येते. त्यामुळे हा प्रश्न न्यायालयात न जाता संस्थांच्या सदस्यांच्या सभेत आणि देणगीदारांच्या मनात सुटतो.

युरोपातील वारसा रेल्वेंच्या संघटनेने स्वीकारलेला ‘रिगा चार्टर’ दिशा देतो. मूळ ऐवज शक्य तितका जपावा, केलेला बदल नोंदवावा, नवे ते नवे म्हणून ओळखू यावे, असा त्याचा रोख आहे. मात्र तो मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही.

न मोडता नवे करण्याचा मार्ग आहे का?

आहे. इंग्लंडच्या ब्लूबेल रेल्वेवर २०२४ मध्ये ३२४२४ ‘बीची हेड’ हे इंजिन पूर्ण झाले. ‘अटलांटिक’ प्रकारचे मूळ इंजिन १९५८ मध्ये बाद होऊन भंगारात गेले होते. नव्या बांधणीची कल्पना सुचली ती एका बॉयलरमुळे. एसेक्स परगण्यातील एका लाकूड कारखान्यात जुन्या इंजिनाचा योग्य मापाचा बॉयलर उभा असल्याचे १९८० च्या दशकात आढळले. त्याचे मूळ इंजिन कधीच नष्ट झाले होते. इथे भाग जुना होता, पण त्यासाठी कोणाचा जीव घेतला गेला नव्हता.

त्याच ब्लूबेल रेल्वेवर दुसरे उदाहरणही आहे. ७८०५९ हे इंजिन बॅरीतून आले तेव्हा त्याला टेंडर, म्हणजे कोळसा-पाणी वाहणारा मागचा डबा नव्हता. त्याच्या वर्गाची इतर इंजिने जपलेली होती. म्हणून त्याचे रूपांतर ८४०३० या टाकीवाल्या इंजिनात करण्याचे काम हाती घेण्यात आले. ८४००० वर्गाची ३० इंजिने होती, सगळी नष्ट झालेली. शेवटच्याचा क्रमांक ८४०२९. म्हणून नव्याला पुढचा, ८४०३०.

हा ‘पुढचा क्रमांक’ लहान गोष्ट वाटते, पण ती प्रामाणिकपणाची खूण आहे. ‘टॉर्नेडो’ ६०१६२ नंतरचे, ‘बेटन ग्रेंज’ ६८७९ नंतरचे, ‘नाइट आउल’ ४७०८ नंतरचे. पाहणाऱ्याला कळते की हे जुन्याचे सोंग घेतलेले नाही, मालिकेतील नवे भावंड आहे. ‘काउंटी ऑफ ग्लॅमॉर्गन’ने मात्र नष्ट झालेल्या मूळ इंजिनाचाच १०१४ हा क्रमांक आणि नाव घेतले आहे. तिथे ‘हे नवे आहे’ हे फलकावर स्पष्ट सांगण्याची जबाबदारी वाढते.

मग निर्णय कसा घ्यावा?

दोन्ही बाजूंचे मुद्दे एकत्र ठेवले, तर कटर हाती घेण्याआधी चार प्रश्न विचारता येतात.

पहिला, या प्रकारची किती इंजिने उरली आहेत? दहा आणि तीन यांना एकच मापदंड लावू नये.

दुसरा, ते दुरुस्त करण्याची संधी इतरांना खरोखर दिली का? मोडण्याआधी ‘कोणी घेता का’ अशी जाहीर हाक आणि पुरेसा अवधी, एवढे तरी व्हायला हवे.

तिसरा, मोडण्याआधी प्रत्येक भागाची मोजमापे, छायाचित्रे आणि ठोकलेले क्रमांक नोंदवले का? वस्तू गेली तरी तिची माहिती जाऊ नये.

चौथा, नवा प्रकल्प पूर्ण होईल एवढा पैसा आणि हात आहेत का? सर्वांत वाईट शेवट हाच असतो, की जुने मोडले आणि नवे अर्धवट राहिले. मग एकाऐवजी दोन सांगाडे गंजतात.

‘लेडी ऑफ लीजेंड’ या शेवटच्या कसोटीवर उतरले. ‘बेटन ग्रेंज’ही २०२४ मध्ये वाफेवर आले. याचा अर्थ मोडणे नेहमी बरोबर असा होत नाही. पुण्यातील वाडा पाडून त्याचे सागवानी खांब नव्या बंगल्यात लावले, की लाकूड टिकते आणि वाडा जातो. कधी कधी तो सौदा करावा लागतो. पण खांब वाचले म्हणजे वाडा वाचला, असे म्हणू नये.

पैसे नंतर मिळू शकतात, कारागीर नव्याने घडवता येतात. गंजलेले इंजिन आणखी काही वर्षे छपराखाली उभे ठेवता येते आणि त्याचा खर्च फार नसतो. एकदा कापलेला सांगाडा मात्र पुन्हा १९२९ चा होत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा थांबावे, आणि शंका नसेल तेव्हा दोनदा मोजावे. फिटर कापण्याआधी करतो तसेच.